बारा नगांस धार नसलेबाबत

अर्जाचा जीव ‘विषय’ या एका ओळीत असतो. त्याखालचा मजकूर अर्जदाराच्या समाधानासाठी लिहायचा असतो आणि तळाशी उतरत जाणारी प्रतींची यादी अर्जनवीसाच्या इभ्रतीसाठी. हे तत्त्व मला कोणी शिकवले नाही. चाकूरच्या तहसील कचेरीच्या आवारात, कडुलिंबाखाली, पत्र्याच्या टेबलामागे बसून ते मी स्वतः शोधून काढले. माझे शिक्षण विचाराल, तर नववीत बीजगणिताशी माझे मतभेद झाले व मी शाळेचा राजीनामा दिला. परंतु ‘सबब’ कोठे लिहावे, ‘तथापि’ कोठे, आणि ‘उपरोक्त’ म्हणून कोणाला बुचकळ्यात टाकावे, याबाबत माझ्याइतका अधिकार असलेला माणूस या आवारात नाही. वकील मंडळीसुद्धा येता-जाता “काय मुनशी, चाललंय ना?” असे विचारतात. तो आदर मी माझ्या व्यक्तीस नव्हे, माझ्या मसुद्यास समजतो.

लोकांना वाटते, अर्जनवीस म्हणजे दुसऱ्याचे बोलणे कागदावर उतरवणारा. तसे असते तर हे काम कोणीही केले असते. माणूस टेबलाशी येतो तेव्हा त्याच्या तोंडात बांध असतो, चुलता असतो, मेहुणा असतो आणि मधूनच एक मेलेली शेळी असते. त्यातून शेळी बाजूला काढायची, चुलत्याला ‘गैरअर्जदार’ करायचे, शिव्यांना ‘अर्वाच्य भाषा’ म्हणायचे आणि उरलेल्या संतापाला ‘मनस्ताप’ या शब्दात नीट बसवायचे, ही कारागिरी आहे. अशा कारागिरीची कितीतरी प्रकरणे सांगता येतील. परंतु आज मी वाचकांपुढे एकच ठेवतो, कारण त्यात माझ्या एका निर्दोष अर्जामुळे एका बाईची सुपारी पोलिसांच्या ताब्यात गेली होती.

लग्नसराईचे दिवस होते. सोमवारी सकाळी भामाबाई काखेत फडक्यात गुंडाळलेले बोचके घेऊन आल्या. भामाबाई म्हणजे अंबादास आचाऱ्याच्या हाताखाली उभी हयात कांदे चिरलेल्या बाई. लग्न कोणाचेही असो, भट्टी अंबादासची, नाव अंबादासचे आणि वरणाची चव मात्र भामाबाईंच्या हातची, हे पंचक्रोशीस ठाऊक होते. त्या वर्षी त्यांनी पहिल्यांदाच स्वतःची सुपारी घेतली होती.

बाहेरच्या वाचकांसाठी खुलासा करतो. आमच्याकडे आचाऱ्याशी करार कागदावर होत नाही. वधूपिता चार माणसांत हळदकुंकू लावलेली सुपारी आचाऱ्याच्या हातावर ठेवतो. ती घेतली की शब्द झाला. लग्नाच्या पहाटे भट्टी पेटवण्यापूर्वी तीच सुपारी भट्टीशेजारी मांडायची. पंगती सुखरूप उठल्या की यजमान ती फोडतो, अर्धी आपण खातो आणि अर्धी आचाऱ्यास देतो. मधल्या काळात सुपारी हरवली, तर शब्द हरवला असे समजतात. भामाबाईंच्या हातावर ही सुपारी ठेवली होती आमच्या बाजारपेठेतील अडत व्यापारी काशिनाथअप्पांनी. त्यांच्या मुलीचे लग्न त्याच आठवड्यात रविवारी होते. अंबादासला डावलून बाईमाणसास सुपारी दिली म्हणून अप्पांना घरातूनही ऐकून घ्यावे लागले होते.

भामाबाईंनी बोचके माझ्या टेबलावर सोडले. आत नव्याकोऱ्या चकचकीत सुऱ्या होत्या.

“भाऊ, तुमी शिकलेले. ह्याला काय मन्त्यात?”

“सुरी,” मी म्हणालो. “चाकू मिटतो, सुरी मिटत नाही. सुरीचे पाते मुठीत कायमचे बसवलेले असते.”

“नाव न्हाई इचारलं म्या. ह्याला धार मन्त्यात का, ते इचारलं.”

असे म्हणून त्यांनी पिशवीतून एक टोमॅटो काढला, माझ्या टेबलावर ठेवला आणि त्यावर सुरी दाबली. टोमॅटो आधी दबला, मग बसला आणि शेवटी फुटला.

“भामाबाई, खाली वारसाचा अर्ज आहे!”

“असू द्या. आता कळलं का माझं दुख?”

दुःख असे होते. सुऱ्या त्यांनी नांदेडच्या एका दुकानातून आणल्या होत्या. दुकानदाराने त्यांच्यासमोर वर्तमानपत्राचे पान उभे धरून वरपासून खालपर्यंत चिरून दाखवले होते.

“पेपर असा चिरला भाऊ, आतल्या बातमीला बी कळलं न्हाई. घरी आल्यावर पयलं टमाटं झ्याक कापलं. दुसऱ्याचं भरीत झालं. बाराच्या बारा सुऱ्या सारख्याच. दुकानदार मन्तो, तुमच्यासमोर कापून दिल्या, आता आमचा संबंध न्हाई.”

“मग विळ्या घ्या की.”

“बारा बायका येणार हैत चिरायला. एकीचा गुडघा धड न्हाई. टेबलं मांडून उभ्यानं चिरायचं ठरिवलंय म्या. अंबादास मामा गावभर हसून राहिलाय, ‘भामी मडमीण झाली’ मनून. रविवारी माझ्या बायका टमाटी बुक्क्यानं फोडत बसल्या तर पुना मला कोन सुपारी देईल?”

प्रश्न गंभीर होता. मी चष्मा पुसला आणि मसुदा केला. तो मला आजही तोंडपाठ आहे:

‘विषय : बारा नगांस धार नसलेबाबत. उपरोक्त विषयान्वये सविनय सादर की, अर्जदार हिने एका प्रतिष्ठित घराण्याची सुपारी घेतली असून सदर कामी नांदेड येथून सुऱ्या नग बारा आणल्या आहेत. रविवारी पहाटे अर्जदाराच्या हाताखालील बारा स्त्रिया त्या घेऊन कामास लागणार आहेत. तथापि एकाही नगास धार नाही. पहिला वार बरा होतो, परंतु दुसऱ्या वेळी माल केवळ चेंगरतो व रस उडतो. सबब काम अर्धवट राहून अर्जदाराची नाचक्की होण्याचा संभव आहे. तरी मेहेरबानांनी तातडीने धार मिळवून देण्याची तजवीज करावी.’

मी तो मोठ्याने वाचून दाखवला. भामाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

“लई भारी लिवलाव. पन ह्यात टमाटं कुटं हाय?”

“टोमॅटो हा शब्द अर्जाला शोभत नाही. त्याऐवजी ‘माल’ लिहिले आहे.”

“अन् लगीन?”

“‘प्रतिष्ठित घराणे’ म्हटले की त्यात लग्न आलेच.”

“बरं. तुमाला कळतं.”

तक्रार ग्राहकाची, म्हणून मूळ अर्ज ग्राहक तक्रार मंचाकडे गेला. परंतु माझी एक पद्धत आहे. एक प्रत एका टेबलावर गेली तर ते टेबल झोपलेलेच राहते. चार टेबलांवर गेली की प्रत्येकास वाटते, दुसरा काहीतरी करील, आणि त्या भीतीने कोणीतरी उठतो. म्हणून ‘प्रत माहितीस्तव’ अशी यादी करून मी आसपासच्या प्रत्येक कार्यालयात एक एक प्रत देऊन पोच घेतली. भामाबाईंनी अर्जाचा फोटो काढून दुकानदाराच्या मोबाइलवर पाठवला तो निराळाच.

मंगळवारी दुपारी भामाबाई पुन्हा आल्या आणि एक पुडा टेबलावर आदळला.

“हे काय हाय?”

मी वाचले. जनावरांसाठी खनिज मिश्रण.

“जनावराच्या दवाखान्यातला मानूस आलता घरी. मन्तो, जनावरं कुटं बांधलीत? मी म्हन्लं, कोनती जनावरं? तर मन्तो, बारा नग हैत, एक बी धार देईना मनून अर्ज हाय. मी म्हन्लं, सुऱ्या हैत त्या. तर मन्तो, सुरती का? सुरती म्हशीला इकडची हवा मानवत न्हाई, ढेप काय घालता? मी म्हन्लं, सुरती न्हाई वं, सुऱ्या! तर मन्तो, दुधाची जात हाय, धीर धरा. अन् हा पुडा देऊन गेला. आता हे सुरीला चोळू का, का मीच खाऊ?”

वाचकहो, येथे मी स्पष्ट करू इच्छितो की चूक माझी नव्हती. धार या शब्दाचा अर्थ मी ठरवलेला नाही. म्हैस धार देते, सुरीला धार असते, हा मराठी भाषेचा कारभार आहे. त्या गृहस्थाने केवळ ‘विषय’ वाचला. मी मघाशी म्हणालोच, अर्जाचा जीव तेथेच असतो.

बुधवारी मात्र प्रकरणाला वेगळे वळण लागले. एक प्रत पोलीस ठाण्यातही गेली होती. कोणत्या ठाण्यात, ते लिहीत नाही. मला रोज त्याच रस्त्याने जावे लागते. जमादार एका शिपायासह भामाबाईंच्या दारात येऊन बसले आणि मला बोलावणे आले. मी पोचलो तेव्हा जमादार माझा अर्ज मोठ्याने वाचत होते. माझा मजकूर दुसऱ्याच्या आवाजात मी त्या दिवशी प्रथम ऐकला.

“‘प्रतिष्ठित घराण्याची सुपारी घेतली असून...’ बाई, हे कबूल हाय?”

“हाव,” भामाबाई ताठ मानेने म्हणाल्या. “चार मानसांत घेतली. चोरून न्हाई.”

“चार साक्षीदार,” जमादार शिपायाकडे वळून म्हणाले. “लिव्ह. कोनी दिली?”

“काशिनाथअप्पानं.”

“कोनाची?”

“त्याच्या लेकीची.”

अर्ज वाचायला उभे राहिलेले जमादार खाली बसले.

“सोताच्या लेकीची?”

“मग काय शेजाऱ्याच्या लेकीची देतील? रयवारी हाय. पहाटं सुरू करायचं अन् बाराच्या आत समदं उरकायचं. मुहूर्ताचा मामला हाय.”

“समदं मंजे? किती जनांचं?”

“गाव हाय, पाव्हने हैत. लहान लेकरं येगळी.”

शिपायाने लिहिणे थांबवले. मी ताबडतोब पुढे होऊन स्वयंपाक, लग्न, भट्टी व पंगत यांविषयी खुलासा केला. जमादारांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. माणूस समंजस होता.

“मुनशी, ते मला बी कळालं. मी का काल जन्मलो? पन कागदावर काय हाय? कागदावर सुपारी हाय, सुऱ्या हैत, बारा बाया हैत, अन् पयला वार हाय. टमाटं हाय का कुटं? भात हाय का? वरून शेरा पडलाय, ‘चौकशी करून अहवाल सादर करणे.’ अहवाल म्हन्लं की मुद्देमाल लागतो.”

असे म्हणून त्यांनी सुऱ्या ताब्यात घेतल्या. मग हात पुढे केला.

“सुपारी?”

भामाबाईंनी देवळीतल्या डबीतून हळदकुंकू लागलेली सुपारी काढली. जमादारांनी ती खाकी पाकिटात घातली, पाकिटाला सुतळीचे वेढे दिले आणि गाठीवर लाख ओतून शिक्का मारला. भामाबाई इतका वेळ तोऱ्यात होत्या. पाकीट जमादारांच्या बगलेत गेल्यावर त्या एकदम उंबऱ्यावर बसल्या.

“भाऊ,” त्या मला म्हणाल्या, “सुऱ्या गेल्या तर गेल्या. सुपारी आना माझी.”

गावात बातमी माझ्या आधी पोचली होती. गुरुवारी सकाळी मी काशिनाथअप्पांच्या अडतीवर गेलो, तर ते गादीवर बसून कपाळावरचे भस्म पुसून पुन्हा लावत होते.

“मुनशी, तुमी लिवलं ते बराबर असंल. पन पाव्हन्यांचा फोन आला उदगीरहून. इचारत होते, तुमी पोरीची सुपारी दिली मंजे काय? आता काय सांगू त्यांना?”

“अप्पा, बाईंचा दोष नाही.”

“दोष मी म्हन्लाच न्हाई. पन सुपारी ठाण्यात बसली, मंजे माझा शब्द ठाण्यात बसला. रयवारी पहाटं ती भट्टीपाशी दिसली पायजे. न्हाई दिसली तर मी अंबादासला निरोप धाडतो. त्यो तर तयारच हाय.”

अंबादास खरोखरच तयार होता. शेजारच्या टपरीवर बसून चहा पीत होता. मला पाहून म्हणाला, “मुनशी, माझ्याकडं लाकडाच्या पाटाची इळी हाय. बापाच्या वक्ताची. तिचा अर्ज लिवायची पाळी न्हाई आली कदी.”

मी तसाच पुढे चालू लागलो. तोंडी उत्तर देणे माझ्या व्यवसायात बसत नाही.

ठाण्याच्या फौजदार बाई बंदोबस्तासाठी बाहेरगावी गेल्या होत्या. त्या शनिवारी येणार होत्या आणि त्यांच्या सहीशिवाय पाकीट सुटणार नव्हते. शनिवारी सकाळी माझ्या टेबलापुढे एक पन्नाशीचे गृहस्थ येऊन उभे राहिले. हातात नमुन्यांची बॅग, चेहरा एस.टी.त उभ्याने आल्यासारखा. हे साळुंके, सुऱ्या बनवणाऱ्या परराज्यातील कारखान्याचे नांदेडमधील प्रतिनिधी. कारखान्याचे नाव देत नाही. प्रकरण अद्याप प्रलंबित आहे. अर्जाचा फोटो दुकानदाराकडून त्यांच्याकडे आला होता.

“पत्ता शोधून शोधून थकलो,” ते म्हणाले. “आमच्या ऑफिसनं ‘मु. पो. चाकू’ लिहून पाठवलं. त्यांना वाटलं, ‘र’ चुकून जास्तीचा पडला.”

मी त्यांना चहा दिला आणि ठाण्याकडे जाता जाता विचारले, की नव्या सुरीला धार नसते हे कसे. साळुंके इकडेतिकडे पाहून बोलू लागले.

“असते हो. थोडी असते. बघा, पोलादाच्या पत्र्यातून पाती छाप्यानं तोडतात, भट्टीत तापवून कडक करतात, मग फिरत्या पट्ट्यावर दोन्ही अंगांनी घासतात. इथपर्यंत सगळं यंत्र. शेवटी काठाला धार लावायची, ते मात्र माणसाच्या हातात. अन् त्याच्यामागं सुऱ्यांचा ढीग वाढून राहिलाय. तो एकदा इकडून लावतो, एकदा तिकडून, की पुढची. घासताना काठावर पोलादाची बारीक मुरड उभी राहते, डोळ्याला दिसतसुद्धा नाही. ती काढायची असते. नाही काढली तर तीच कागद कापते, पहिला टोमॅटो कापते. मग आडवी पडते. तिच्याखाली काठ तसाच जाड.”

“मग काठ बारीक का करत नाही?”

“बारीक काठ वाटेत खोक्यात आपटून तुटतो. तुटलेली सुरी गिऱ्हाईक परत करतं. बोथट सुरी परत करत नाही. त्याला वाटतं, आपलाच हात चुकला.” साळुंक्यांनी बॅग दुसऱ्या हातात घेतली. “तुमच्या बाई पहिल्याच, ज्यांनी हाताला दोष दिला नाही. पण मुनशी, माझ्या अहवालात मला ‘धार आहे’ असंच लिहावं लागेल. माझी नोकरी त्या दोन शब्दांवर चालू आहे.”

“ठाण्यात आपण ‘धार आहे’ म्हणालात, तर सुऱ्या शस्त्रे ठरतील आणि बाई अडकतील.”

साळुंके रस्त्यातच उभे राहिले. “आणि ‘नाही’ म्हणालो तर मी.”

या पेचावर ‘तथापि’ लिहूनही भागणार नव्हते. माझ्या कारकिर्दीत असे क्वचित झाले आहे.

ठाण्यात फौजदार बाई आल्या होत्या. टेबलावर सुऱ्या मांडल्या होत्या, शेजारी लाखेच्या शिक्क्याचे पाकीट. भामाबाई भिंतीशी उभ्या होत्या. त्यांचे डोळे पाकिटावरून हलत नव्हते. फौजदार बाईंनी माझा अर्ज वाचला, पुन्हा वाचला, आणि ओठ दाबून माझ्याकडे पाहिले.

“हे तुम्ही लिहिलंत?”

“होय. प्रत्येक शब्द,” मी म्हणालो.

“धार आहे की नाही, एवढंच मला बघायचंय. मग अहवाल संपवू.”

साळुंक्यांनी नमुन्यांच्या बॅगेतून त्याच बनावटीची एक कोरी सुरी काढली. सवयीने टेबलावरचा एक कागद उभा धरला आणि सर्रकन चिरला. तो माझा अर्ज होता. ‘विषय’ बरोबर मधोमध दुभंगला.

“धार हाय!” जमादार म्हणाले.

“आता टमाटं कापा,” भामाबाई भिंतीशी उभ्या राहूनच म्हणाल्या.

ठाण्याच्या स्वयंपाकघरातून टोमॅटो आले. पहिला टोमॅटो दोन फाकी होऊन बाजूला पडला. साळुंक्यांनी दुसरा घेतला. तो चेंगरला. त्याचा रस जमादारांच्या शर्टावर उडाला.

“बघा साहेब,” भामाबाई म्हणाल्या. “पयल्यालाच हाय, दुसऱ्याला न्हाई.”

“पन मॅडम,” जमादार खिशावरचा रस पुसत म्हणाले, “सुपारीत एकदाच लागतं.”

हा मुद्दा खोडणे सोपे नव्हते. मी घसा साफ करून निवेदन केले, की उपरोक्त सुरी ही स्वभावतः शस्त्र नसून केवळ प्रथमदर्शनी शस्त्र आहे. शिपाई ते लिहू लागला. फौजदार बाईंनी त्याला हाताने थांबवले.

“ती सुपारी तरी बघू द्या मला. पाकीट उघडा.”

जमादारांनी पाकीट पुढे ओढले. सुतळी चांगली आवळलेली होती. त्यांनी टेबलावरची एक सुरी उचलली, सुतळीवर ठेवली आणि ओढली. सुतळी तशीच राहिली. त्यांनी मागे-पुढे केले. मग पाकीट गुडघ्यात दाबले आणि करवतीसारखी सुरी चालवली. सुतळीचे चार तंतू उभे राहिले, बाकी गाठ जशीच्या तशी. त्यांनी दुसरी सुरी घेतली. तिसरी घेतली. त्यांच्या कपाळावर घाम आला. शेवटी त्यांनी पाकीट तोंडाशी नेले आणि सुतळी दातांनी तोडली.

फौजदार बाईंनी ती सुरी बोटाने बाजूला सारली.

“जमादार,” त्या म्हणाल्या, “हे शस्त्र आहे का?”

“न्हाई मॅडम,” जमादार तोंडातले सुतळीचे तंतू काढत म्हणाले.

साळुंके हळूच पुढे झाले. “मॅडम, एक विनंती. अहवालात एवढं लिहा, की दोरा जाड होता.”

“लिहिते. आणि दात कोणत्या कंपनीचे, तेही लिहू का?”

साळुंके हसले. त्या दिवसात प्रथमच हसले. मग त्यांनी बॅग बंद केली आणि म्हणाले, “राहू द्या मॅडम. काय दिसलं ते लिहा. मी माझं बघून घेतो.”

आता राहिला प्रश्न अहवालाच्या भाषेचा. वर पाठवायचे तर सुपारी या शब्दाने पुन्हा शेरा पडला असता. फौजदार बाईंनी मला लेखणी दिली. मी क्षणात तोडगा काढला आणि वाचून दाखवले: ‘अर्जदार हिने स्वयंपाकाचा ठेका घेतलेला असून...’

“ठेका न्हाई,” भामाबाई म्हणाल्या.

“भामाबाई, अर्थ तोच आहे. शब्द तेवढा निर्धोक—”

“अर्थ तोच न्हाई.” त्या पहिल्यांदाच टेबलापाशी आल्या. “अंबादास मामा घेतो ती सुपारी. बँडवाला घेतो ती सुपारी. अन् म्या घेतली की तिचा ठेका व्हतो व्हय? हातावर घेतलीय म्या, कुकवासकट. तुमी माझं टमाटं काढलाव, लगीन काढलाव, मी काय म्हन्ले न्हाई. सुपारी न्हाई काढू देनार. लागलं तर ठेवा मला बी त्या पाकिटात.”

माझ्या मसुद्यास आजवर अधिकाऱ्यांनी, वकिलांनी व एकदा एका आमदाराच्या मेहुण्याने हरकत घेतली आहे. परंतु अर्जदाराने शब्दासाठी हरकत घेतल्याचे मला आठवत नाही. मी ‘ठेका’ खोडला. पुन्हा ‘सुपारी’ लिहिले, आणि त्यापुढे, माझ्या सर्व तत्त्वांना मुरड घालून, ‘कांदा, टोमॅटो, वांगी व कोथिंबीर’ असे बाजारू शब्द एकामागून एक लिहिले. अहवाल दिसायला अत्यंत ओबडधोबड झाला. फौजदार बाईंनी लगेच सही केली.

भामाबाईंनी सुपारी मुठीत घेतली. सुऱ्यांकडे पाहिलेसुद्धा नाही. सुऱ्या अजून ठाण्यातच असाव्यात.

रविवारी पहाटे मी मुद्दाम मंडपात गेलो. भट्टीशेजारी सुपारी मांडलेली होती आणि काशिनाथअप्पा स्वतः तिच्याकडे वाकून पाहत होते. बारा बायका घरोघरच्या विळ्या घेऊन जमिनीवर बसल्या होत्या आणि गुडघ्यांना शिव्या देत भराभर चिरत होत्या. अर्जात मी त्याला ‘अर्वाच्य भाषा’ म्हटले असते. एका कोपऱ्यात साळुंके बसले होते. भामाबाईंनी त्यांना जाऊ दिले नव्हते. त्यांच्यापुढे सोलायला लसणाची पाटी ठेवली होती, त्यासाठी सुरी लागत नाही.

पंगती बसल्या. वरण वाढले गेले तेव्हा पहिल्या पंगतीत जी शांतता पडली, तिचे वर्णन मी अनेकदा लिहून पाहिले व खोडले. जमादारही आले होते, धुतलेला शर्ट घालून. अंबादास आला होता; त्याने वरण दोनदा मागितले आणि चवीबद्दल अवाक्षर काढले नाही.

शेवटची पंगत उठल्यावर अप्पांनी सुपारी उचलली. घरात अडकित्ता सापडेना. कोणीतरी म्हणाले, “सुरी आना.” सगळा मंडप हसला. अप्पांनी सुपारी पायरीच्या दगडावर ठेवली आणि खलबत्त्याचा बत्ता तिच्यावर मारला. एक फोड जागेवर राहिली. दुसरी उडाली आणि पत्रावळींच्या ढिगाकडे कोठेतरी नाहीशी झाली.

भामाबाईंचा चेहरा उतरला. माणसे खाली वाकली. अप्पा वाकले, साळुंके वाकले, मीही धोतर सावरून वाकलो. जमादार तर गुडघ्यांवर येऊन एकेक पत्रावळ उचलू लागले.

“घावली!” ते ओरडले.

ते उठले, फोड आपल्या शर्टाला पुसली आणि पंचनामा न करता भामाबाईंच्या तळहातावर ठेवली. भामाबाईंनी ती तोंडात टाकली आणि अंबादास आचाऱ्याकडे पाहत, सगळ्यांना ऐकू येईल अशी, कडाकडा चावून खाल्ली.